घोट्याएवढं पाणी

त्या खाणीवर आम्ही त्या आठवड्यात गेलोच नव्हतो. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सांगू म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे मला आता चांगलं ठाऊक झालंय.

मी मुलीला घरीच शिकवते. एकच मुलगी, अकरा वर्षांची, आणि वाद घालण्यात इतकी पटाईत की घरात तिला सगळे वकीलबाई म्हणतात. शाळेतून का काढली ते विचारू नका. विचारायला माझ्या नणंदा पुरेशा आहेत, त्यातली एक तर स्वतःच शिक्षिका, म्हणजे बघा. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. सकाळी स्वच्छ शर्ट घालून जातो आणि संध्याकाळी ग्रीसचा वास घेऊन येतो. त्याच्या एकट्याच्या पगारावर घर, म्हणजे सहल काढायची तर फुकट, नाहीतर फुकटासारखी. त्यातूनच ब्लॉग सुरू झाला. नाव ठेवलं ‘चपला घाला, निघा’.

पोस्टाच्या मागच्या खोलीत पत्रं गावानुसार कशी वेगळी करतात, लाकडाच्या वखारीत ओंडक्यावरची वर्तुळं कशी मोजायची, पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात कुणाला फोन केला की आत घेतात, हे सगळं मी लिहायची. शिवाय जे कुठल्याच पुस्तकात नसतं तेही. संडास कुठे आहे आणि कुठे नाही, कुठला रखवालदार नुसता खेकसतो पण शेवटी सोडतो, कुठल्या बागेतल्या नळाला दुपारी पाणी नसतं. आयांना हेच तर हवं असतं. बघता बघता दोन हजार माणसं वाचायला लागली. ‘ताई, तुमच्यामुळे आमचा रविवार सुधारला,’ असं कुणी लिहिलं की मी दिवसभर हवेत. घरात मी ‘बाथरूमचा दिवा बंद करा’ म्हटलं तर कुणी ऐकत नाही, आणि तिथे मी सांगेन त्या गल्लीत दोन हजार माणसं वळत होती. चढली मला त्याची नशा. खोटं कशाला बोलू?

आता माझी पद्धत सांगते, आणि ती ऐकून तुम्ही कपाळाला हात लावणार. मंगळवारी लेख लिहायचा, शनिवारी सहलीला जायचं, रविवारी फोटो लावायचे आणि सोमवारी सकाळी लेख प्रसिद्ध. हो, लेख आधी आणि सहल नंतर. फिरून आल्यावर पाय दुखत असतात, धुण्याचा ढीग पडलेला असतो, तेव्हा कसलं सुचतंय! म्हणून आधीच फोनाफोनी करून लिहून ठेवायचं आणि परत आल्यावर चुकलेलं तेवढं बदलायचं. ‘मुलं जाम खूश झाली’ हे वाक्य तर मी दर मंगळवारीच ठोकून द्यायची. सोमवारी प्रसिद्ध करायच्या आधी वकीलबाईने लेख मोठ्याने वाचायचा आणि शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या, तो आमचा भाषेचा तास. एका चुकीला एक बिस्कीट. कधी कधी मी मुद्दाम चुका ठेवायची, तेवढंच पोरीला बरं वाटायचं.

त्या शनिवारी वकीलबाईला ताप भरला. लेख तयार होता: गावाबाहेरची दगडाची जुनी खाण. दीड वर्षापूर्वी आम्ही तिथे जाऊन आलो होतो. कडेला दगडाचे थर एकावर एक, खाली स्वच्छ पाण्याचं डबकं, त्यात बोटभर मासे, आणि पँट दुमडून पाण्यात उभी असलेली ही. फोटो तेव्हाचेच होते. मधल्या काळात ती चांगली वीतभर वाढली होती, म्हणून मी फोटो कापून नुसते पाय ठेवले. पाय काय, कुणाचेही सारखेच.

‘पुढच्या सोमवारी टाक की,’ नवरा म्हणाला. ‘बघून ये आणि मग टाक.’

‘सोमवार चुकवत नाही मी.’

‘अगं, पण दीड वर्ष झालं.’

‘मग? तळं काय जागा सोडून जातंय?’

असंच म्हणाले मी, अगदी ठसक्यात.  माझ्यापुढे गप्प बसायची त्याला सवय आहे.

सोमवारी वकीलबाईने पांघरुणात बसून लेख वाचला. घसा बसलेला, तरी आवाज खणखणीत. ‘परवा शनिवारी आम्ही’ इथेच थांबली. ‘आई, परवा आपण कुठे गेलो?’

‘मागे गेलो होतो ना. लिहायची पद्धत असते तशी.’

‘पद्धत कसली? थाप आहे ही.’

‘वकीलबाई, तुम्ही ऱ्हस्वदीर्घ बघा.’

तिने बघितले, दोन चुका काढल्या आणि लेख गेला. त्यात असं होतं: ‘पाणी घोट्याएवढंच. अगदी लहानग्यांनाही बिनधास्त सोडा.’

पुढच्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास मी इस्त्री करत होते. त्या भागात राहणाऱ्या एका वाचक बाईंचा निरोप आला. ‘ताई, तुम्ही लिहिलेल्या त्या खाणीत आज एक मुलगी बुडाली. नऊ वर्षांची. डावीकडे गेल्या वर्षी मशीन लावून परत खोदलं होतं म्हणे. वरून काहीच कळत नाही, पाऊल टाकलं की एकदम खोल.’

मी इस्त्री उभी केली. बटण बंद केलं. एवढं भान होतं मला. कुणाची मुलगी, कोण कुठली, ती बाई आता काय करत असेल, यातलं काहीसुद्धा डोक्यात आलं नाही. डोक्यात एकच: बिनधास्त. मी कॉम्प्युटर उघडला, ते अख्खं वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं: ‘मात्र डावीकडची कडा मशीनने खोदलेली असून तिथे पाणी एकदम खोल होतं. मुलांना तिकडे अजिबात जाऊ देऊ नका.’ एरवी मी एक काना बदलला तरी खाली ‘दुरुस्ती’ म्हणून टीप टाकायची, तेवढी मी प्रामाणिक! त्या दिवशी टीप टाकली नाही. लेखाच्या जुन्या प्रती साठून राहतात, त्यांची यादी उघडली आणि एकेक करून सगळ्या पुसल्या.  वर तारीख तीच राहिली, आधीच्या सोमवारची.

पुढच्या माणसाला वाचवायला केलं, असं मी स्वतःला सांगितलं. मग परत इस्त्री चालू करून उरलेले दोन शर्ट संपवले.

बुधवारी कळलं कोण ते. ब्लॉगवर एक बाई ‘दोघींची आई’ या नावाने लिहायची. माझा एकही लेख तिने सोडला नव्हता. प्रत्येक सहलीला जाऊन यायची आणि फोटो पाठवायची: मोठी वखारीत, छोटी पोस्टात, दोघी बेकरीच्या मागच्या दाराशी तोंडाला पीठ लावून. माझं बघूनच तिने मोठीला शाळेतून काढलं होतं. सासूचा विरोध, नवरा औषधाच्या दुकानात काउंटरवर, तो ना इकडचा ना तिकडचा. तेव्हा मीच तासभर फोनवर तिला धीर दिला होता, वेळापत्रक सांगितलं होतं, ‘लोकांकडे लक्ष देऊ नकोस गं’ म्हणाले होते. प्रत्यक्ष आम्ही कधी भेटलो नव्हतो.

तिने लिहिलं होतं: ‘ताई, माझी मोठी गेली. तुम्ही इतकं स्पष्ट लिहिलं होतं, डावीकडे जाऊ देऊ नका म्हणून. मी सोमवारी दोनदा वाचला होता लेख, तरी ते वाक्य माझ्या लक्षातच राहिलं नाही. कसं राहिलं नाही तेच कळत नाही. मी तिला स्वतः म्हणाले, जा, घोट्याएवढंच आहे. ताई, असं कसं झालं माझं?’

 आणि मी उत्तर काय पाठवलं? ‘स्वतःला दोष देऊ नकोस.’ वा! मोठं मन दाखवलं मी.

पोलिसांनी खाणीच्या मालकाला बोलावून कुंपण का नाही विचारलं, तो उद्या घालतो म्हणाला, संपलं. लोकांचं मात्र संपेना. माझा लेख इकडून तिकडे फिरायला लागला. ‘लेखिकेने स्वच्छ बजावलं होतं, आईबापच बेफिकीर.’ ‘पोरं सांभाळता येत नाहीत आणि म्हणे घरी शिकवतात!’ आणि सगळ्यात कहर म्हणजे माझ्या नेहमीच्या वाचकांनी शपथा घेतल्या. ‘मी सोमवारी सकाळीच वाचलं होतं, सूचना होतीच.’ कुणी तर लिहिलं, ‘ती सूचना वाचूनच आम्ही जायचं रद्द केलं.’ अशी सात-आठ माणसं. खोटारडी नव्हती हो ती, त्यांना खरंच तसं आठवत होतं. वाचता वाचता मलाच एकदा वाटून गेलं, की नाही, असेल. असेल तेव्हाही ते वाक्य.

तीन-चार दिवसांनी आम्ही तिघं जेवत होतो. वकीलबाईने शेजारी लेख उघडून ठेवला होता. ताटाशेजारी काही ठेवायचं नाही हा नियम, पण त्या दिवसांत नियम कोण पाळतंय.

‘आई, हे वाक्य नव्हतं.’

‘कुठलं?’

‘डावीकडचं. मी वाचला तेव्हा नव्हतं.’

नवऱ्याने मान वर केली. आणि मी काय केलं माहितीये? मी जेवता जेवता, भाजी वाढताना बोलावं तशा आवाजात म्हणाले, ‘होतं. तू वाचताना गाळलंस. ताप होता तुला.’

‘मी नाही गाळलं.’

‘गाळलंस बाळा. होतं असं तापात.’

 जी पोर सूर्य उगवतो म्हटलं तर पुरावा मागते, ती गप्प झाली. दुसऱ्या दिवसापासून वाचताना शब्दाशब्दाखाली बोट ठेवायला लागली, पहिलीतल्या पोरासारखं. ओळ संपली की परत मागे जाऊन बघायची, काही सुटलं तर नाही ना. मी ते बघत होते आणि पालेभाजी निवडत होते. आपल्याच लेकराच्या डोळ्यांवरचा विश्वास मी काढून घेतला, आणि मला तिला जवळसुद्धा घेववेना.

 नवरा बोलला तो त्यानंतर दोन आठवड्यांनी, फोन आला त्या दिवशी.

फोन तिचा होता. दबक्या आवाजात, स्वयंपाकघरातून बोलत असावी, नळ चालू होता. ‘ताई, सासूबाई छोटीला न्यायला आल्यात. कायमचं. त्यांच्या गावाला शाळेत घालणार. हे पण हो म्हणाले. म्हणाले, जिला चार ओळी धड वाचता येत नाहीत तिच्या हातात मूल ठेवायचं नाही. शनिवारी जाणार.’ मग म्हणाली, ‘बरोबरच आहे ना त्यांचं?’ हे तिने खरंच विचारलं, टोमणा नव्हता. मी ‘हो’ही म्हणाले नाही आणि ‘नाही’ही. कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

नवरा दारात उभा होता, पायात एकच मोजा. ‘कोण होतं?’

मी सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं. सगळं सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि मी तीन आठवडे ते उरावर घेऊन फिरत होते.

तो खुर्चीवर बसला. शिव्या देईल असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ‘लिफ्टमध्ये आमचं एक कार्ड असतं,’ तो म्हणाला. ‘दोरखंड बघितला, ब्रेक बघितला की त्यावर सही करायची. आमच्यातला एक जण घरीच बसून महिन्याभराच्या सह्या करून ठेवायचा. चांगला माणूस होता, हसराबिसरा. आम्ही सगळे त्याच्याबरोबर डबा खायचो. एक दिवस लिफ्ट पडली.’ त्याने दुसरा मोजा घातला. ‘मला तेव्हा वाटलं होतं, असल्या माणसाच्या घरात बायको कशी राहत असेल.’

असं बोलून तो कामावर गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आधी त्याच्यावर, मग खाणवाल्यावर, मग त्या बाईवर, की बाई गं, तुला डोळे नव्हते? पोर पाण्यात उतरताना तू कुठे बघत होतीस? दुपारपर्यंत मी घरातल्या भांड्यांवर राग काढला. मग सगळा राग संपला, आणि राग संपल्यावर उरले ती मीच.

वकीलबाई टेबलाशी बोट ठेवून वाचत होती. मी तिच्यासमोर बसले. ‘तू गाळलं नव्हतंस,’ म्हणाले. ‘ते वाक्य नव्हतंच. मी नंतर घातलं आणि तुझ्याशी खोटं बोलले.’

मला वाटलं रडेल, नाहीतर जिंकल्यासारखी ओरडेल. तिने ओळीवरचं बोट काढलं. मग म्हणाली, ‘त्या काकूंना कोण सांगणार?’

‘मी.’

‘कधी?’

बघा, वकील ती वकीलच.

शनिवारी सकाळी दोन बस बदलून मी तिच्या घरी गेले. तिसरा मजला, दाराबाहेर चपलांची गर्दी, त्यात एक जोड अगदी छोटा, बकल लावून नीट ठेवलेला. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. दाढी वाढलेली, पण शर्ट दुकानात जातानासारखा खोचलेला. मी कोण ते सांगितल्यावर तो एकदम बाजूला झाला. ‘या ना. तुम्ही कशाला त्रास घेतलात.’ मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या खोलीत सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, पायाशी भरलेली बॅग. छोटी खाली बसून बॅगेच्या चेनशी खेळत होती, सहा वर्षांची, दोन दात पडलेले. आणि ती, दोघींची आई, आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी. फोटोत ती कधीच नसायची, कारण फोटो तीच काढायची. म्हणून मी तिला पहिल्यांदाच बघत होते. माझ्यापेक्षा बरीच लहान निघाली.

मी बसले नाही. बसले असते तर पाणी आलं असतं, चहा आला असता, आणि मग मी काहीच बोलले नसते. ‘ते डावीकडचं वाक्य लेखात नव्हतं,’ मी उभ्या उभ्याच म्हणाले. ‘मुलगी गेल्याचं कळल्यावर, त्याच रविवारी, मी ते घातलं. हिने लेख नीटच वाचला होता. चूक माझी आहे. मी ती जागा दीड वर्षात बघितलीसुद्धा नव्हती.’

 छोटीने चेन सर्रकन ओढली, तेवढाच आवाज.

तिच्या नवऱ्याने खिशातून फोन काढला. त्यात लेखाचा फोटो होता, त्या वाक्याभोवती लाल गोल केलेला. किती वेळा उघडून बघितला असेल कोण जाणे. ‘वर सोमवारची तारीख आहे,’ तो म्हणाला.

‘मजकूर बदलला तरी तारीख पहिलीच राहते.’

‘मग आधीचा दाखवा.’

‘पुसला मी.’

‘पुसला,’ तो म्हणाला. ‘आणि बाकीच्यांनी सोमवारी वाचलं म्हणतात ते? मी स्वतः चौघांना विचारलंय. सगळे म्हणाले, सूचना होती.’

‘त्यांना आता तसं वाटतंय. माझ्या मुलीने वाचला होता लेख, तिला पक्कं आठवतंय की ते नव्हतं.’

‘मुलगी तुमची घरीच शिकते ना?’ सासूबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. ‘मग हेही तुम्हीच शिकवलं असेल.’

मी तोंडाळ बाई. नणंदांना उभ्या उभ्या गप्प करणारी. इथे मात्र मी नुसती बॅगेच्या चेनकडे बघत राहिले.

‘हिने परवा नळ सोडून कुणाला फोन लावला होता, कळत नाही का आम्हाला?’ सासूबाई म्हणाल्या. त्या भांडत नव्हत्या, दमलेल्या होत्या. ‘मैत्रिणीसाठी धावून आलात, चांगलं केलंत. पण माझी नात गेली हो. असलं काही बोलू नका आमच्यासमोर.’

‘मी आत्ता ब्लॉगवर लिहिते,’ मी तिच्या नवऱ्याला म्हणाले. ‘तुमच्यासमोर लिहिते, सगळं कबूल करते.’

‘लिहा. उद्या तेही बदलाल.’ त्याने फोन खिशात टाकला. ‘तेव्हा खोटं बोलत होता की आत्ता बोलताय, मी कसं ठरवू? आणि समजा नव्हतं वाक्य. ही तिथे उभी होती ना? डोळे होते ना हिला?’ हे बोलताना त्याचा आवाज फाटला, आणि माझ्या लक्षात आलं की याला ते वाक्य हवंय. ते वाक्य आहे म्हणून हा रोज सकाळी उठून शर्ट खोचू शकतो. मी ते काढून घेतलं तर याने कुणाकडे बघायचं? पोर पाण्यात उतरली तेव्हा हा दुकानात होता, आणि रविवारी सुट्टी मागितली नव्हती, हे मला नंतर कळलं.

ते निघाले. छोटीने बकल स्वतः लावलं. ‘आई, तू मागच्या बसने येणार ना?’ तिने विचारलं. तिच्या आईने मान हलवली, हो की नाही ते मलाही कळलं नाही. सासूबाईंनी हात धरला, नवऱ्याने बॅग उचलली, आणि जिन्यावरून छोटीचा पायऱ्या मोजल्याचा आवाज खालपर्यंत येत राहिला.

आम्ही दोघीच उरलो. मला वाटलं, आता ही माझं थोबाड फोडणार. फोडावं, मी तयार होते. ती माझ्याजवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, ‘खरंच नव्हतं?’

‘नव्हतं.’

‘मग मी नीट वाचलं होतं.’

‘हो.’

ती तिथेच जमिनीवर बसली. आधी हसल्यासारखं काहीतरी झालं, आणि मग ती जशी रडली तसं मी कुणाला रडताना पाहिलेलं नाही. मी हात पुढे केला तर तिने तो झटकला. ‘तीन आठवडे,’ ती म्हणाली. ‘तीन आठवडे मी रोज ते वाक्य वाचत होते. शंभर वेळा. स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होते. आणि तुम्ही मला लिहिलंत, दोष देऊ नकोस म्हणून.’

 मी माझी पर्स उचलली.

‘जायचं नाही,’ ती म्हणाली.

तिने डोळे पुसले, फोन घेतला आणि नवऱ्याला लावला. त्याने कापला. परत लावला, परत कापला. ती न थकता लावत राहिली, मधे फोन चार्जिंगला लावून तिथेच भिंतीशी बसून. मी समोर बसले. तिने मला पाणीसुद्धा विचारलं नाही आणि मी मागितलं नाही. दुपार गेली, उन्हं खिडकीतून बाहेर सरकली. साडेपाचला कुणीतरी उचलला.

‘आई?’ आवाज छोटीचा होता, मलाही ऐकू आला. मागे बसचं इंजिन घरघरत होतं. ‘बाबा झोपलेत. आजीपण झोपलीये.’

तिने डोळे मिटून घेतले. ‘खाल्लंस का काही?’

‘हो. आई, आजी म्हणते ताई तुझ्यामुळे पाण्यात पडली.’

तिने फोन कानापासून काढला आणि माझ्यापुढे धरला. ‘सांगा,’ ती म्हणाली. ‘सहा वर्षांची आहे. तिला लक्षात राहील. मोठी झाल्यावर तिला कुणीतरी सांगितलेलं असू दे.’

‘अगं, एवढ्या लहान पोरीला...’

‘सांगा म्हणते ना.’

मी फोन घेतला. 

‘कोण बोलतंय?’ छोटीने विचारलं.

मी सांगितलं. मी कोण, मी काय लिहिलं होतं, आणि नंतर गुपचूप काय घातलं. तुझ्या आईने सगळं नीट वाचलं होतं, चुकीचं मी लिहिलं होतं, असं मी तिला सांगितलं, सहा वर्षांच्या मुलीला समजेल अशा साध्या शब्दांत. मधे दोनदा तिने ‘मग?’ म्हणून विचारलं, गोष्ट ऐकताना मुलं विचारतात तसं, आणि दोन्ही वेळा मी पुढचं सांगितलं.